जोड सुकेपर्यंत

११ फेब्रुवारी १९९५, शनिवार

खालच्या निरंजनाबेनच्या छताला ओल आली. आमच्याच बाथरूमची! पावसाचा पत्ता नाही आणि खाली थेंब. तेही कुठे — त्यांच्या देवाच्या, ठाकोरजींच्या खोलीत. त्यांच्याकडे सेवेच्या पाण्याला घरची सूनसुद्धा पारोशा हाताने शिवत नाही, आणि वरून आमचं अंघोळीचं पाणी! भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, ठाकोरजींना बाजूच्या खोलीत नेऊन पधरावलंय.

१२ फेब्रुवारी

कारण मीच. सोसायटीच्या बोअरचं पाणी इतकं जड की टाइल्सवर क्षारांचा पांढरा थर चढतो. खरवडून नखं गेली माझी. म्हणून दिवाळीत ॲसिड ओतलं. थर गेला, टाइल्स लख्ख, मी खूश. त्याबरोबर जोडांमधलं व्हाइट सिमेंटही गेलं, ते आज गवंड्याने, इथल्या भाषेत कडियाने, बोट घालून दाखवलं. आणि मी शाळेत विज्ञान शिकवते!

तो म्हणतो, जोड पुन्हा भरून देतो, पण आधी ते सुकले पाहिजेत आणि भरल्यावरही सुकले पाहिजेत. तोवर बाथरूममध्ये पाण्याचा टिपूस नको.

हे म्हणाले, त्यात काय, मागच्या गॅलरीत बादली घेऊन अंघोळ करू. आपण करू हो. ह्यांच्या आईंचं काय?

१३ फेब्रुवारी

सासूबाईंच्या आज किती अंघोळ्या झाल्या ते मोजायचं सोडून दिलं. अंघोळ करतात, पदर सावरत देवापाशी येतात आणि तिथेच विसरतात. "वसू, माझी अंघोळ राहिलीय गं. पूजा खोळंबलीय." केसांतून पाणी ठिबकतंय, तरी राहिलीय! गेल्या वर्षीपर्यंत माझ्या सगळ्या चुका तोंडपाठ होत्या त्यांना. डॉक्टर म्हणाले, वय झालं, यावर औषध नाही. मग फी कशाची घेतली?

१६ फेब्रुवारी

आजपासून बाथरूम बंद म्हणून गॅलरीत पडदा लावला, पाट मांडला, पाणी काढलं. आई बसल्याच नाहीत. उघड्यावर न्हात नाहीत म्हणे त्या. मी टॉवेल आणायला वळले, तेवढ्यात बाथरूममधला नळ सुरू. रात्रभरात जरा सुकलेले जोड पुन्हा ओलेचिंब.

मी ओरडले. खूप ओरडले. त्या ओल्या पातळात तशाच उभ्या, घाबरून बघत राहिल्या. त्यांना हे उद्या आठवणार नाही. मला आठवेल.

१७ फेब्रुवारी

बाथरूमला कुलूप लावलं.

१८ फेब्रुवारी

कुलूप काढलं. दारापाशी बसून रडत होत्या, दारावर हात आपटत होत्या — देव पारोसे राहिले, देव पारोसे राहिले. हे पेपरात तोंड घालून बसलेले. मी ह्यांच्यावर खवळणारच होते. मग लक्षात आलं, कधीपासून त्यांनी पान उलटलेलं नाही.

काय करायचं आम्ही? खाली देव भिजतात म्हणून वर म्हातारीला रडवायचं?

२० फेब्रुवारी

आज निरंजनाबेन वर आल्या. आईंचा आवाज खालपर्यंत गेला असणार. मनात म्हटलं, आता बोलणार. पण त्या सरळ आईंजवळ जमिनीवर बसल्या, हात हातात घेतला. "बा, मारे त्यां न्हावा चालो. पाणी गरम छे."

आणि आई उठल्या! चपला घालून निघाल्यासुद्धा!

त्या बाईच्या मोरीत इतक्या वर्षांत मी कधी पाऊल टाकलेलं नाही. जाता जाता मला म्हणाल्या, तुमचं सुकेपर्यंत बा माझ्याकडे न्हातील. मी आईंचं कोरडं पातळ त्यांच्या हातात दिलं.

२२ फेब्रुवारी

एकच अंघोळ! न्हाऊन झालं की निरंजनाबेन आईंच्या पुढ्यात फुलांची परडी ठेवतात. आई ठाकोरजींसाठी माळा ओवत बसतात. हात गुंतले की अंघोळ आठवतच नाही. एवढी साधी गोष्ट मला का सुचू नये?

हायसं वाटलं. आणि खोटं कशाला लिहू — थोडं लागलंही.

२४ फेब्रुवारी

जोड भरून झाले. काल संध्याकाळी आई वर यायला तयारच नव्हत्या, ह्यांनी हाताला धरून आणलं तर जिन्यात मागे वळून वळून बघत होत्या. आज निरंजनाबेन म्हणाल्या, राहू दे रात्रीही. आम्ही राहू दिलं. घरात कुठेच नळाचा आवाज नाही. शांत आहे. नको इतकं शांत.

१ मार्च

कडिया येऊन जोडांवरून बोट फिरवून गेला. कोरडे ठणठणीत! खालचं छतही सुकलं. ठाकोरजी आपल्या खोलीत परतले. आता थर आला तर राहू दे, ॲसिडचं नाव काढायचं नाही. आईंसाठी बाथरूममध्ये नवा पाट ठेवलाय. देवापाशी फुलांची परडीसुद्धा. उद्या घेऊन येते त्यांना.

२ मार्च

आणायला गेले. आई माळ ओवत होत्या. दारात कुणी परकी बाई आली की हसावं तशा हसल्या. मग निरंजनाबेनच्या कानाशी लागल्या, पण मला ऐकू येईल अशा आवाजात: "ही वरची बाई ना? हिच्या बाथरूमचं पाणी आपल्या देवावर गळतं. सांग तिला."