कारभारीआप्पांची दुनळी

३ सप्टेंबर, बुधवार

बंदुकीचं लायसन्स आलं! दीड वर्षानं. वर माझा फोटो, माझं नाव. कागद देताना ऑफिसातले क्लार्क हसलेच. "मॅडम, खरंच तुम्ही चालवणार?" म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? आकाशच्या नावावर मिळालंच नसतं. बांधाच्या भांडणात त्यानं शेजारच्या सुदर्शनच्या पाण्याच्या मोटारीवर कुदळ घातली होती. ती केस अजून चालू आहे.

दोन वर्षांपूर्वी रानडुकरानं मक्यात आत्याबाईंची मांडी फाडली. अठरा टाके. सासू वाचली हेच नशीब. तेव्हा अर्ज मीच केला, नवऱ्यानं बळजबरी केली नव्हती. हे मुद्दाम लिहून ठेवते. कारण कागद हातात आल्यापासून पाणीसुद्धा गोड लागत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आकाशला सुट्टी होती, म्हणून दोघं पडेगावला जाऊन आलो. कारभारीआप्पांनी विकायला काढलेली दुनळी बंदूक बघायला. बारा बोअर. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. दस्ता हात लागून लागून काळा पडलाय, पण नळ्या चकचकीत. आप्पा म्हणाले, "रान होतं तवर कामाची होती. आता सगळे प्लॉट पडले. प्लॉटात डुकरं येत्यात व्हय?" आप्पांच्या पत्नी चतुराबाई आतून म्हणाल्या, "एकदाची जाऊ दे घरातून. लेकरागत पुसत बसत्यात तिला!"

माझ्या हातात दिली. जड. थंड. लगेच परत केली.

मग आकाशनं घेतली. खांद्याला लावली. समोरच्या रस्त्यानं एक माणूस मोटरसायकलवरून चालला होता. आकाशनं नळी त्याच्यावर धरली आणि त्याच्याबरोबर फिरवत नेली. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत.

मी "अहो!" म्हटलं. तो म्हणाला, "रिकामी आहे गं."

आप्पा उठले. त्यांचा गुडघा दुखतो, तरी झटकन उठले. हातातून बंदूक काढून घेतली. "रिकामी असली तरी माणसावर धरायची नसती." आवाज चढला नव्हता.

निघताना आप्पांनी आकाशला शहागंजातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा नंबर दिला. "त्याच्याकडून तपासून घ्या. जुनी वस्तू आहे, माझ्या शब्दावर घेऊ नका." शनिवारी ते स्वतः बंदूक घेऊन तिथं येणार. आकाशची तेव्हा ड्युटी. म्हणजे मी एकटीच जायचं.

८ सप्टेंबर, सोमवार

तिसरीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहिली ती कालचीच. मुलं हसली.

१० सप्टेंबर, बुधवार

पहाटे परत डुकरं. चार ओळी मका आडवा. कणसं अर्धी खाल्लेली, अर्धी चिखलात. आत्याबाई बाजेवर बसून म्हणाल्या, "तुम्हा दोघांना कागद दिसत्यात. मला माझी मांडी दिसती." खरंच आहे. त्यांना मी काय सांगू?

आकाश बिडकीनहून ड्युटी करून आला. शेत बघून आला आणि ताटावर बसला. "सुदर्शनच्याच बांधावरून येतात. मुद्दाम कुंपण उघडं ठेवतो तो. बंदूक येऊ दे एकदा. मग बघतो."

मी विचारलं, "डुकरांचं म्हणताय ना?"

तो भाकरी मोडत राहिला.

आठवडाभर सगळ्यांना विचारत फिरतेय. जुनी नळी फुटते का? काडतुसं मिळतात का? डुकरावर बार टाकायचा तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, ती कधी मिळणार? खरं तर यातल्या एकाचीही मला काळजी नाही. मला आकाशची भीती वाटते. लिहिलं एकदाचं! माझ्यावर त्यानं कधी हात उगारला नाही. पण त्या मोटारीवर कुदळ घालून घरी आला तेव्हा तो शांत होता. अगदी शांत. हातपाय धुतले आणि चहा मागितला. मला ते आठवतं.

लायसन्स माझ्या नावावर. बंदूक ठेवायच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. पण मी रोज आठ तास शाळेत असते.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा करून गेले. मिस्त्रीचाचांचं दुकान म्हणजे जेमतेम एका माणसाची जागा. आप्पा आधीच येऊन बसलेले. चाचांनी बंदूक मधून वाकवून उघडली, नळ्या उजेडाकडे धरल्या, आत बघितलं. मी मनात म्हणत होते — खराब निघू दे. गंज निघू दे. तडा निघू दे!

"दोनो नली साफ," चाचा म्हणाले. "दस्ते पे थोडी खरोंच है, बस. ले लो मॅडम, ऐसी चीज अब नहीं आती."

मी तीनदा विचारलं. फुटणार नाही ना? चाप ढिला नाही ना? नक्की? आप्पा दुखावले. "पोरी, खोट असती तर मी तुला दिली असती का?"

बाहेर आल्यावर त्यांना सांगितलं, मी घेत नाही. त्यांनी कारण विचारलं. रिक्षा जात होत्या, लोक धक्के मारत होते आणि मी शाळेतल्या पोरीसारखी पदर पिळत उभी. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि परत विचारलं नाही.

"घरी काय सांगशील?"

"नळी खराब आहे म्हणून."

"माझ्या बंदुकीला नाव ठेवणार व्हय?" मग म्हणाले, "ठेव."

१४ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. नळीला आतून गंज आहे, मिस्त्री नको म्हणाला. आकाशनं विचारलं, "डावी का उजवी?" मी डावी म्हटलं. फार पटकन म्हटलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग चप्पल घालून बाहेर गेला.

आत्याबाई : "मग दुसरी बघा. बंदुकीचा काय दुष्काळ पडलाय?"

दुसरी! हा विचारच केला नव्हता.

१५ सप्टेंबर, सोमवार

आकाश डबा न घेताच ड्युटीवर गेला. त्याला कळलंय. नक्की कळलंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज आत्याबाई काठी टेकत मक्याकडे निघाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा! "तुमच्यानं होत नाय तर मीच हाकलते." मी धावत जाऊन आडवी झाले. त्या चिडल्या, मी रडले. उद्या परत डुकरानं कुणाला फाडलं तर? ते माझ्याच माथी.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन करून लवकर घरी आले. आकाश पायरीवर बसला होता. मान वर न करता म्हणाला, "नळी साफ होती ना?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. हो म्हटलं.

"मिस्त्रीला मी शुक्रवारीच फोन केला होता. म्हटलं, बायको येईल, तिला नळी खराब आहे म्हणून सांगा. तो ऐकेना. म्हणाला, अच्छे माल पे मैं झूठ नहीं बोलता."

"तुम्ही? का?"

"घरात आली असती तर मी काय केलं असतं, मलाच माहीत नाही, सुले."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.