शरणीचा डोळा

हुबळी, ४ डिसेंबर १९८३

ति. गौराक्का यांस नीलांबिकेचा सा. न. वि. वि.

आम्ही सारी खुशाल. आमच्या रुद्रेशचा साखरपुडा पुढच्या सोमवारी ठरला. तुमची शरणी मात्र सर्दी धरून बसली आहे. नाकातून पिवळं येतं, आणि केर काढायला वाकली की कपाळ फुटतं म्हणते. शाळेत वाकावं लागत नाही, तिथं बरी असते! चौदा वर्षांची घोडी झाली, पण नाटकं काय एकेक. मी हसून सोडून देते. तुमची माया आहेच, ती राहू द्यावी.

नीलांबिका

इळकल, ७ डिसेंबर

चि. सौ. नीलांबिकेस गौरव्वाचे अनेक आशीर्वाद.

शरणीचं वाचून लाज वाटली. ती पहिल्यापासून अंगचोर. तिच्या तक्रारींकडे मुळीच लक्ष देऊ नका. तिचा बाप गेल्यावर मामानं घरात घेतलं, शाळेत घातलं, हे ती विसरली तरी मी विसरायची नाही. हातमाग सोडून साखरपुड्याला येणं होत नाही, रागावू नये. धाकटी कस्तूरी शेंगाचटणी कुटून पाठवते आहे. माझ्या भावाला, वीरभद्राला जप.

गौरव्वा

हुबळी, १० डिसेंबर

ति. अव्वाच्या पायांवर डोकं.

तुझं पत्र मामीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. मी आता काही म्हणत नाही. पण अव्वा, डावा डोळा सुजून मिटलाय. पापणी बोटानं वर केली की एका चुलीच्या दोन दिसतात. डोळा फिरवला की आत सुरी फिरल्यासारखं होतं. तापही आहे. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, हिला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या. मामी म्हणाली, रांजणवाडी आहे, चंदन लाव. सोमवारी पाहुणे जेवून गेले की बघू, पुरणाचे होळिगे लाटायला दुसरं कोण आहे? आणि असलं तोंड घेऊन पाहुण्यांपुढं यायचं नाही म्हणाली. कस्तूरीला पापा.

तुझी शरणी

हुबळी, १४ डिसेंबर

ति. अक्कास वीरभद्राचा नमस्कार.

धीर धरून वाच. पाहुणे उठले आणि शरणी परातीवरच कोसळली. डोळा खोबणीतून पुढं आला होता. डॉक्टर म्हणाले, नाकाशेजारच्या पोकळीत सर्दीचा पू साठला होता, तो पातळ हाड ओलांडून डोळ्यामागं उतरला. ऑपरेशन करून पू काढला. जीव वाचला. डाव्या डोळ्यानं आता दिसणार नाही. आधी आणली असती तर डोळा वाचला असता, म्हणाले. मी घरातच होतो, अक्का. बायकांचं बायका बघतील, असं वाटलं. मिळेल त्या गाडीनं निघ.

तुझा वीरभद्र

हुबळी, ८ जानेवारी १९८४

ति. गौराक्का यांस सा. न.

शरणीला तुम्ही घेऊन गेलात, घर सुनं वाटतं. झालं ते देवाच्या मनात होतं. मी काय डॉक्टर आहे? मुलीकडच्यांना यातलं कळू दिलं नाही, म्हणून सोयरीक टिकली. मार्चात लग्न, आणि मला एकटीला काम उरकत नाही. कस्तूरी दहाची झाली ना? तिला पाठवा, इथं शाळेत घालू. शरणीला मागाशी बसवा. काण्या मुलीला स्थळ कुठून येणार? मनात काही ठेवू नये, प्रेम वाढवावं.

नीलांबिका

इळकल, १२ जानेवारी

नीलांबिके,

तुझं पत्र माझ्याआधी शरणीच्या हाती लागलं. कस्तूरी येणार नाही. शरणी म्हणते, तिला नको, मीच जाते. भांडी एका डोळ्यानंही दिसतात. तिनं पिशवी भरली. मी रिकामी केली. सकाळी पुन्हा भरून दारात उभी. तेव्हा मी तिच्या थोबाडीत मारली. हात डावीकडून आला, तिला तो दिसलाच नाही.

गौरव्वा