कुसुम काय म्हणाली

पोलादपूर, मंगळवार, ११ फेब्रुवारी १९८६

अजून हसू येतंय. इंदूताईंवरच्या माहितीपटाचं शूटिंग आज झालं. एकेकाळी मोर्चे काढणाऱ्या ताई आता अंथरुणाला खिळल्यात, आणि तीस वर्षं सोबत राहणारी कुसुम त्यांचं सगळं करते. माहितीपट करणाऱ्या मुंबईच्या मुलीला तेच टिपायचं होतं. आवाज नको म्हणून शेजारच्या दगडूने पिठाची गिरणी बंद ठेवली. दळणाचे डबे घेऊन बाया ताईंच्या ओट्यावर चक्क गप्प!

मला धास्ती एकाच प्रश्नाची. कुसुमला मीच पढवलं होतं, ‘सखी’ म्हण. शाळेत कविता शिकवताना या शब्दावर माझा केवढा जीव! पण खरंच गोड म्हणून सुचवला, की भीतीने? ताईंना उचलायला याच बाया येतात. त्या तुटल्या तर?

मुलीने विचारलंच, “तुम्ही ताईंच्या कोण?”

ताईंची वेणी घालता घालता कुसुम थांबली. ताई म्हणाल्या, “सांग गो! जन्मभर घोषणा मी दिल्या, एक तरी तू दे.”

“प्रेम हाय आमचं,” कुसुम खाली बघत म्हणाली. “नवराबायकोचं असतं तसं.”

मी ओट्याकडे पाहिलं. आता बाया उठणार...

ओट्यावरून सखूबाई ओरडली, “मंग? आम्हांला काय ठावं नाय? आटपा लवकर, भाकऱ्या थापायच्या हायत!”

सगळे हसले. मुलगी म्हणाली, आवाज बिघडला, पुन्हा घ्यावं लागेल.

एकही बाई उठली नाही. दुसऱ्यांदा कुसुम मान वर करून बोलली.