प्रेमलताजींचा कॅमेरा

इंदूर, मार्च १९६२

ती. सौ. आईस,
इंदूरहून सुलूचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला कसा आहे?

कॉलेजच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या रक्ताची चित्रं वर्गात शिकवण्यासाठी मी काढायचे. यापुढेही हातानंच काढायची की कॅमेरा घ्यायचा, असं साहेबांनी विचारलं. लॅबमध्ये नवी आलेली प्रेमलता लगेच म्हणाली, "अजी, हाताने गलती होते!" झालं, कॅमेरा आला, तोही तिच्याच हाती. तेव्हापासून बाई नुसती मिरवते!

पण फोटो काळेपांढरे. मलेरियाचे निळे जंतू गुलाबी पेशीत ओळखायचे कसे? मग साहेबांनी रंग भरायला मलाच बसवलं. मी रंगवलेला पहिला फोटो आज वर्गात लागला. खाली नाव प्रेमलताचं!

बाबांना सांग, लेकीचं काम भिंतीवर लागलंय. नावाचं मात्र बोलू नकोस.

तुझी,
सुलू