डबीतले पापुद्रे

सेंदाई, २२ डिसेंबर

नागुरादादांना चिझुरूचा सप्रेम नमस्कार.

संत्र्यांची पेटी पोचली. दरवर्षीसारखीच, चिठ्ठीविना! मीही दरवर्षी दोन ओळी खरडते, ‘संत्री गोड होती, थंडीत जपा.’ यंदा पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

वर्षअखेरच्या झाडलोटीत आपल्या प्रयोगशाळेत, स्फटिक वाढवायच्या भट्टीमागच्या कपाटात तुमची डबी सापडली. वर तुमचंच अक्षर : ‘टाकाल तर नागुराशी गाठ आहे.’ आत इटर्बियमच्या स्फटिकांचे सहा पापुद्रे. तेच हो, ज्यांच्याबद्दल मी माझ्या सुईसारख्या स्फटिकांची फुशारकी मारत भर बैठकीत म्हणाले होते, ‘दादा, सुया म्हणजे तांदूळ, हा नुसता कोंडा!’ सगळे हसले होते. तुम्हीसुद्धा.

तो कोंडा मी शेवटी यंत्रात घालून, गोठवून मोजला. इटर्बियमचा अणू कधी दोन इलेक्ट्रॉन सोडतो, कधी तीन. सुयांमध्ये थंडी वाढली की शहाण्यासारखा शांत होतो. पापुद्र्यांत मात्र निरपेक्ष शून्याच्या उंबरठ्यापर्यंत नेलं तरी पठ्ठ्याचं तळ्यात-मळ्यात चालूच! ना दाब दिला, ना चुंबक लावला. तुम्ही म्हणत होतात अगदी तसंच. आपले प्रयोगशाळाप्रमुख मुगिशिमा सर अजून तसेच, आलेख पाहून एका सपातेवर नाचले. दुसरी अजून सापडलेली नाही.

बाकी सगळे मजेत. फक्त गोठवायला लागणारं हेलियम महागलंय.

दादा, आता खरं लिहिते. चार वर्षांपूर्वी सरांनी विचारलं होतं, ‘पापुद्रे मोजलेस?’ मी म्हटलं, ‘मोजले. काही नाही त्यात.’ मी मोजलेच नव्हते. पापुद्रे मोजत बसले असते तर माझा सुयांवरचा शोधनिबंध अडला असता ना! त्यानंतर सरांनी तुमचं काम थांबवलं आणि तुम्ही वडिलांच्या बागेत निघून गेलात. मला फार लाज वाटते.

काल सरांना सांगितलं. बराच वेळ ते तुमचं संत्रं सोलत बसले. मग अर्धं माझ्या हातात दिलं. म्हणाले, ‘हे त्याला लिही. हाताने लिही.’

पापुद्र्यांवरचा शोधनिबंध सोबत आहे, लेखकांत पहिलं नाव तुमचं. तुमची सही आल्याशिवाय तो इथून हलणार नाही. नवे पापुद्रे करायला अकरा वेळा भट्टी लावली, पण माझ्या हातून नुसत्या सुयाच निघतात. फेब्रुवारीत बागेला उसंत असते म्हणे. या ना! भट्टी पुसून ठेवलीय. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही इथे येऊनच द्या.

न मोजता ‘मोजलं’ म्हणणारी,
चिझुरू