कोऱ्या काचेवरच्या काड्या

४ मार्च
लागली एकदाची नोकरी! बदनापूरहून सकाळच्या गाडीने जालन्याला आले अन् पॅथॉलॉजी लॅबमध्ये रुजू झाले. मोठी खिडकी, नवा मायक्रोस्कोप. मालक डॉ. वामन सर मोजकंच बोलतात, हातमोजे कधी काढत नाहीत. सोबतीण कल्याणीने आल्या आल्या डबा पुढे सरकवला. माझं काम गाठींच्या तुकड्यांत टीबीचे जंतू शोधायचं. स्लाइडवर लाल रंग चढवायचा, मग ॲसिडने उतरवायचा. टीबीच्या जंतूंचा तेवढा उतरत नाही, ते बारीक लाल काड्यांसारखे दिसतात. सोबत मी एक कोरी काचही रंगवते. तिच्यावर काही दिसलं तर घाण आपली, पेशंटची नव्हे.

७ मार्च
कोऱ्या काचेवर लाल काड्या! नळाच्या पाण्यातही तसले जंतू असतात, म्हणून घाबरले नाही. रंग गाळला, बरण्या उकळल्या, रंगवायला विकतचं डिस्टिल्ड पाणी घेतलं. एवढं सोवळं कशाला, असं कल्याणी हसून म्हणाली. आमच्या घरात सोवळं कधीच नव्हतं बाई, ही स्वच्छता आहे, असं मीही सुनावलं.

९ मार्च
तरीही काड्या. गिरिजाबाई म्हणून पेशंट आहेत, त्यांच्या मानेच्या गाठीच्या स्लाइडवरही तशाच. सर म्हणाले, पॉझिटिव्ह लिही अन् सही कर. मी विचारलं, कोरी काचही पॉझिटिव्ह आहे, तिलाही सहा महिने गोळ्या द्यायच्या का? सही बिलकुल केली न्हाई.

११ मार्च
काड्या हलतात. आच देऊन मारलेले जंतू हलत नसतात. कल्याणीने पाहिलं, पर्स उचलली अन् गेली. फोन घेत नाही.

१२ मार्च
रंगवण्याआधी सगळ्या कोऱ्या काचा मी बेसिनच्या नळाखालीच धूत होते! म्हणून गच्चीवर जाऊन टाकी उघडली. कोरडी ठाक. तळाचा गाळसुद्धा तडकलेला. खाली नळ मात्र धो धो चालू. मंग इतके दिवस त्यातून काय येत होतं? नळाच्या तोंडात चिंधी कोंबली.

१३ मार्च
चिंधी लाल. माझी बोटंही लाल. ॲसिड लावलं, उतरत न्हाई. नखाखाली वळवळतंय. सरांना दाखवलं. त्यांनी हातमोजा काढला. कोपरापर्यंत लाल. थंडपणे म्हणाले, "सही कर. मंग दुखत न्हाई."
दुखू दे.

१४ मार्च
गिरिजाबाई आल्त्या. मेणात जपून ठेवलेला त्यांच्या गाठीचा उरलेला तुकडा त्यांच्या हाती दिला. त्याला इथलं पाणी लागलेलं न्हाई. संभाजीनगरला तपासा म्हटलं, जल्दी निघा. गेल्या. बरं झालं.
सर दार वाजवून राह्यले. आतून कडी लावलीय. रंग ओतून टाकला, काचा फोडल्या—
उजवा हात ऐकत न्हाई. रिपोर्टकडे सरकतोय. डाव्याने लिहून राह्यले—
सही करणार न्हाई. ऐका, न्हाई म्हणजे न्हा—