चित्रा नक्षत्राचे पंधरा दिवस

आण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन एकोणतीस वर्षं झाली, माझी स्वतःची साठी उलटून गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी राग जिथल्या तिथे आहे. आणि या महिन्यात तर तो नव्याने उसळला, कारण मी तुमचाच प्रवास करायला निघाले होते. कुरुंदवाडच्या घाटावर नावेत बसायचं आणि कृष्णेने खाली, कर्नाटकातून, थेट कूडलसंगमापर्यंत जायचं. आपल्या संगमापासून त्यांच्या संगमापर्यंत, असं तुम्ही म्हणायचा. बारा दिवस लागतील, हा तुमचा अंदाज. मी आठ वर्षांची असताना मला नावेच्या टोकाला बसवून तुम्ही सांगितलं होतं, “एकटा न्हाय जायाचो मी. तुला घिऊनच जानार.” मी ते खरं धरलं. आठ वर्षांच्या पोरीने दुसरं काय करायचं?

दरवर्षी गणपती गेले की तुम्ही नाव पालथी घालता. फटींत कापूस कोंबता, वरून डांबर लावता, आणि मी शेजारी बसून तुमचं नक्षत्रांचं पाठांतर ऐकते. मृगापासून नदीचं नाव काढायचं नाही. आश्लेषा-मघात पूर. हस्त नुसता गडगडाटी, वरून कधी लोंढा येईल त्याचा नेम नाही. हस्त संपला की चित्रा. तेव्हा पाणी निवळतं, ओढ असते पण जोर उतरलेला असतो, नाव आपोआप खाली जाते. आणि चित्रा सरता सरता खालच्या बंधाऱ्यात बरगे घालतात. खांबांच्या खाचांत त्या फळ्या बसल्या की पाणी अडतं आणि नावेची वाटही अडते. म्हणजे अख्ख्या वर्षात दिवस पंधराच. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आई चुलीपुढे बसून भाकरी कडक करायची, शेंगदाण्याची आणि तिळाची चटणी कुटायची, सगळं फडक्यात बांधून ठेवायची. मग हस्त संपायचा. तुम्ही सकाळी घाटावर जायचा, गुडघाभर पाण्यात उभं राहायचा आणि परत येऊन सांगायचा, “यंदा पान्याचा भरवसा न्हाय.” तळाचे गोटे दिसत असायचे, आण्णा. पोरं पोहत असायची. आणि आम्ही ती प्रवासाची भाकरी स्वयंपाकघरात बसून आमटीत भिजवून खायचो.

सात वर्षं हे चाललं. दहावीच्या वर्षी माझा संयम सुटला. नावेत बाजाराला निघालेली माणसं होती, पाणी शांत होतं, आणि तुम्ही नुकतंच तुमचं ते वाक्य घरात म्हणून आला होता. मी सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं, आमचे आण्णा पाण्याला भितात. माणसं हसली. मला वाटलं आता मुस्काटात बसणार. तुम्ही हातातला बांबू थांबवलादेखील नाही. पलीकडच्या काठाकडे बघत म्हणालात, “व्हय, भितो की. पान्याला भ्यायलाच पायजे.” बस्स, एवढंच. त्यानंतर प्रवासासाठी म्हणून तुम्ही नाव कधी पालथी घातली नाही, आईने भाकरी कडक केली नाही. पुढे पूल झाला, माणसं बसने जायला लागली, नाव विकली. आणि मी ती गोष्ट आयुष्यभर सांगत फिरले. सासरी सांगितली, शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितली. पाण्याला भिणारा नावाडी म्हटल्यावर लोक हमखास हसतात.

यंदा ठरवलं, तुम्हाला जमलं नाही ते मी करून दाखवते. तुमच्या हाताखाली नाव चालवलेला माणूस अजून घाटावर असतो, पंचाहत्तरी ओलांडलेला. त्याची दोन जाणती मुलं वल्ही मारायला तयार झाली. वाटेत आता धरणं झालीत, तिथे नाव टेंपोत घालून पलीकडे सोडायची, तेही ठरलं. तो मला म्हणाला, “बाई, चित्रात निगा. बरगं पडलं की बसा बोंबलत.” माझी नात आठवीत आहे. ती मोबाईलवर पावसाचे नकाशे बघायची, मी कॅलेंडरवर नक्षत्रं बघायची, आणि दोघींचे दिवस जुळले की टाळ्या द्यायच्या. तिला मी शब्द दिला होता, तुला घेतल्याशिवाय जाणार नाही. मागच्या आठवड्यात ती शाळेतून आली आणि सहामाही परीक्षेचं वेळापत्रक जेवणाच्या टेबलावर ठेवलं. पहिला पेपर चित्रा लागल्यावर दुसऱ्या दिवशी, शेवटचा चित्रा संपायच्या आदल्या दिवशी. ती म्हणाली, “आजी, मी परीक्षा बुडवते.”

मी त्या कागदाकडे बघत राहिले. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आण्णा. दरवर्षी दिवाळीच्या आधी, त्याच पंधरवड्यात, सहामाहीच्या वर्गांवर पर्यवेक्षण केलं. हस्ताचा गडगडाट सुरू झाला की पेपर काढायला बसायचं, इतकं अंगवळणी पडलेलं. आणि एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की याच दिवसांत मी स्वतःसुद्धा दरवर्षी परीक्षेला बसलेली होते. तिसरीपासून दहावीपर्यंत. पहिला नंबर आणायची आणि तुम्ही प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवायचा, शाई पुसायच्या आधी ते आईला दाखवायचा.

मग मला सांगितलं का नाहीत? पोरी, तुझी परीक्षा आहे म्हणून थांबतो, एवढे शब्द तोंडातून निघत नव्हते? रोज शंभर माणसांना इकडून तिकडे नेताना अखंड बोलायचा की तुम्ही. मी रडले असते, आदळआपट केली असती, परीक्षा बुडवते म्हणाले असते. तुम्ही नाही म्हणायचं होतं. तुमच्यावर चिडले असते, पण तुम्हाला भित्रा तरी समजले नसते. नाहीतर एकटं तरी जायचं होतं. माझं लग्न झाल्यावर तरी निघायचं होतं, तेव्हा कुणाची परीक्षा होती? पण नाही. एकटा जायचं नाही म्हणालात म्हणून बसलात घरात, आणि सगळा दोष त्या बिचाऱ्या नदीवर टाकलात. मोठेपणा तुमचा आणि पाप माझ्या माथी. मी चारचौघांत तुमची अब्रू काढली, आणि तुम्ही मला ती काढू दिलीत. बापाने पोरीला असं करू द्यायचं असतं का?

हे सगळं लिहिलं खरं, पण पाठवू कुठे? आणि पाठवून उपयोग काय, तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझीच पत्रं मी सुट्टीत घरी येऊन तुम्हाला वाचून दाखवायची. हा कागद कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवणार आहे. नावेवाल्याला आज निरोप दिला, यंदा जमत नाही.

एक सांगायचं राहिलं. नात परीक्षा बुडवते म्हणाली तेव्हा मी उठून खिडकीशी गेले. राजारामपुरीतल्या आमच्या खिडकीतून नदी दिसत नाही, समोरच्या क्लासची पाटी दिसते. त्या पाटीकडे बघत मी म्हणाले, यंदा पाण्याचा भरवसा नाही गं. ती वेळापत्रक तिथेच टाकून उभी राहिली. “नकाशात एक ढग नाही,” ती म्हणाली. “तू घाबरलीस ना, आजी?”

मी तिच्याकडे वळले नाही. म्हणाले, “व्हय, भितो की.”